दोन ठोक्यांमधली जागा : डूम मेटलची पार्श्वभूमी, बेळगावच्या कानांनी

डूम मेटल म्हणजे मेटल संगीताचा संथ, जड प्रकार. त्याची गोष्ट पत्र्याच्या कारखान्यात सुरू होते. बर्मिंगहॅमचा गिटारवादक टोनी आयोमी सतरा वर्षांचा होता. नोकरीच्या शेवटच्या दिवशी मशीनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचं आणि अनामिकेचं टोक गेलं. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात नेमका तोच. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली आणि पकड यावी म्हणून वर चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात, म्हणून बारीक तारा लावल्या. सुरुवातीला तर बँजोच्या. पुढे ताण आणखी कमी व्हावा म्हणून त्याच्या ब्लॅक सबाथ या बँडच्या १९७१ सालच्या तिसऱ्या अल्बममध्ये त्याने काही गाण्यांसाठी गिटार तीन अर्धस्वर खाली उतरवली. दुखऱ्या बोटांसाठी काढलेली ही वाट पुढे एका अख्ख्या संगीतप्रकाराचा पाया झाली.

उद्यमबागेत फौंड्रीच्या कंपाउंडला लागून रोज ये-जा करणाऱ्या माणसाला ही गोष्ट परकी वाटायचं कारण नाही. बेळगावही ओतकामाचं आणि हायड्रॉलिकचं गाव. प्रेसवर बोट गेलेला माणूस इथल्या कितीतरी घरांना ठाऊक असतो.

आयोमीने उतरवलेली खालची तार सी शार्पला येते. पेटीच्या भाषेत काळी एक. आपल्याकडे भजनी मंडळात पुरुषांच्या आवाजाला पेटीवाला सहज धरतो तीच पट्टी. गिटारची नेहमीची खालची तार म्हणजे पांढरी तीन. आजचे डूम बँड बहुधा पांढरी एकपर्यंत उतरतात, काही पांढरी सात किंवा सहापर्यंतही जातात. गिटारच्या पुस्तकातली इंग्रजी अक्षरं पाठ करण्यापेक्षा घरात पेटी असेल तर तिच्यावर तार जुळवणं सोपं. खुली तार हाच सा मानायचा.

ब्लॅक सबाथचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० ला निघाला. ध्वनिमुद्रण त्याआधीच्या ऑक्टोबरात, जवळपास एका दिवसात उरकलं होतं. बँडच्याच नावाच्या पहिल्या गाण्यात तीन स्वर आहेत: सा, वरचा सा, आणि तिथून खाली उतरून तीव्र मध्यम. सा इथे पांढरी पाच. पंचम मुद्दाम टाळलेला, आणि तीव्र मध्यमावर थरथर. ज्याने मारवा ऐकलाय त्याला पंचम वगळल्यावर हवेत काय लोंबकळत राहतं ते सांगायला नको. पाश्चात्त्य कानाला हे अंतर सैतानी वाटलं. आपल्या कानाला ते संध्याकाळचं वाटतं. सीमाभागात डूम लिहिणाऱ्याने हा फरक ध्यानात ठेवावा. तीच तीन सुरांची भीती उसनी आणली तर ती इथे पोहोचत नाही. तीव्र मध्यमाच्या जोडीला कोमल ऋषभ घेऊन सा-वर परत यायला उशीर केला, तर पोहोचते.

पुढचा इतिहास थोडक्यात. सत्तरच्या दशकात बाकीचं मेटल वेगाकडे धावत सुटलं. अमेरिकेत पेंटाग्राम, ट्रबल, सेंट व्हायटस आणि इंग्लंडमध्ये विचफाइंडर जनरल यांनी संथ चाल सोडली नाही. १९८६ मध्ये स्वीडनच्या कँडलमासने पहिल्याच अल्बमच्या नावात ‘डूम’ घातलं आणि या प्रकाराची ओळख पक्की झाली. नव्वदच्या सुरुवातीला उत्तर इंग्लंडमधल्या पॅराडाइज लॉस्ट, माय डाइंग ब्राइड आणि अ‍ॅनाथेमा यांनी त्यात घोगरा आवाज आणि शोक मिसळला. फिनलंडच्या थरगोथॉनने चाल आणखी मंद केली. तिला अंत्ययात्रेचंच नाव पडलं. कॅलिफोर्नियाच्या स्लीपने तासाभराचं एकच गाणं केलं. कर्नाटकात बेंगळुरूचा डाइंग एम्ब्रेस १९९१ पासूनचा, आणि तिथल्याच बेवार सीचा पहिला अल्बम २०१२ चा. म्हणजे रात्रीच्या गाडीच्या अंतरावर हे संगीत आधीपासून आहे.

आता संथपणाबद्दल, कारण सगळा प्रकार तिथेच उभा राहतो किंवा पडतो. मिनिटाला साठ ठोके म्हणजे ठोक्याला एक सेकंद. रॉक वाजवणाऱ्याला हे असह्य संथ वाटतं. पण धारवाड-हुबळीकडचं किराणा घराण्याचं गाणं ऐकून वाढलेल्या कानाचा हिशेब निराळा: अतिविलंबित एकतालात एका मात्रेला चार-चार सेकंद जातात आणि बारा मात्रांचं एक आवर्तन पाऊण मिनिटाच्या पुढे सरकतं. तरी तबलजी समेवर अचूक येतो. तो रिकामं मोजत नाही. प्रत्येक मात्रेच्या पोटात तिचे चार भाग चालू असतात आणि तिरकिट त्यांतूनच निघतं. डूमच्या ड्रमरची नव्वद टक्के अडचण हीच. हात मोकळा राहिला की तो घाई करतो. साठवर सुरू झालेलं गाणं पाच मिनिटांत अडुसष्टवर जातं आणि सगळं वजन उडून जातं. उपाय तबलजीचाच. सरावात क्लिक (मेट्रोनोमची टिकटिक) साठवर न लावता दोनशे चाळीसवर लावायची, चार क्लिकना एक ठोका. महिनाभराने क्लिक एकशेवीसवर आणायची, मग साठवर. भरणीचे तुकडे उशिरा सुरू करून नेमके समेवर संपवायचे. लवकर सुरू केलेला तुकडा हमखास लवकर संपतो.

दुसरा इथला वारसा सौंदत्तीच्या डोंगरावरचा. यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं लक्ष देऊन ऐकावं: एकच तार, खाली चामडं, आणि हाताने ताण कमीजास्त करताच घसरणारा, ओढला जाणारा स्वर. मराठी आणि कन्नड दोन्ही गाणी त्याच एका तारेवर चालतात. खुली तार सतत धरून वरचा स्वर ओढत नेणं हे डूमच्या गिटारचंही मुख्य काम. सैल तारेवर स्वर बोटाने अर्धा-पाऊण सूर ओढला की जो कण्हण्यासारखा आवाज येतो, तो चौंडक्याच्या फार जवळचा आहे.

तारा उतरवण्यातच बहुतेक नवे बँड फसतात, म्हणून थोडा हिशेब. तारेचा ताण कंपनसंख्येच्या वर्गाप्रमाणे बदलतो. पांढरी तीनवरून पांढरी एकवर, म्हणजे चार अर्धस्वर खाली आलं की तीच तार सदतीस टक्के ताण गमावते. नेहमीचा १०–४६ चा संच (आकडे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) तसाच ठेवला तर खालची तार मानेवरच्या पट्ट्यांवर (फ्रेटवर) आपटून खरखरते, आणि पिक जोरात लागलं की स्वर आधी चढतो, मग खाली येतो. दोन गिटार असल्या की दोघांचे चढ वेगळे, म्हणून प्रत्येक ठोका बेसूर. ताण पूर्वीइतका हवा तर ४६ च्या जागी ५८ ची तार लागते. बाजारात १२–६० च्या आसपासचा संच मिळतो तो बरोबर. काळी एकला ११–५४ पुरतो. बेसला नेहमीचा ४५–१०५ चा संच पांढरी एकवर लोंबतो. पाच तारांच्या संचातल्या जाड चार तारा लावाव्यात.

जाड तार लावल्यावर तीन कामं राहतात. नटची, म्हणजे मानेच्या टोकाशी तारा टेकतात त्या आडव्या तुकड्याची, खाच रुंद करावी लागते. नाहीतर तार तिथे अडकते, आणि ट्यून करताना टक् आवाज होऊन स्वर एकदम उडी घेतो. खाच तारेपेक्षा केसभर रुंद असावी, खोल मात्र करू नये, नाहीतर खुली तार पहिल्या पट्टीवर वाजू लागते. मान वाकली असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा वाक सांभाळणारा गज) एका वेळी पाव फेरीच फिरवायचा आणि दिवसभर थांबायचं. शेवटी बाराव्या पट्टीवरचा स्वर आणि तिथलाच हार्मोनिक जुळवून ब्रिजची, म्हणजे तारांच्या खालच्या आधाराची, खोगिरं मागेपुढे करायची. जाड तारेचं खोगीर बहुधा मागे न्यावं लागतं. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, मान हलते आणि हे सगळं जूनमध्ये पुन्हा करावं लागतं. मेमध्ये पक्की केलेली गिटार ऑगस्टात रेकॉर्डिंगला नेणं टाळावं.

फझ पेडल, म्हणजे आवाज फाडून जाड करणारी पायाखालची डबी, हाच डूमचा रंग. पण गेन (फाडण्याची मात्रा) पूर्ण उघडला की खाली उतरवलेल्या तारांचा चिखल होतो. सा-पची जोडी फझमधून स्वच्छ निघते. त्यात गंधार मिसळला की स्वर एकमेकांना खातात. तीव्र मध्यमही सा-सोबत एकदम न वाजवता सुटा वाजवावा. गेन अर्ध्याच्या थोडं वर पुरतो. सगळ्यात जास्त नुकसान करते ती मिडची, म्हणजे मधल्या सुरांची, कळ शून्यावर नेण्याची सवय. एकट्याने वाजवताना आवाज मोठा आणि गोड वाटतो, बँडसोबत वाजवताच खालून बेस आणि वरून झांज मिळून गिटार गिळून टाकतात. मिड निम्म्याच्या वर ठेवावा. बेसला फझ लावायचा तर मूळ साफ आवाज शेजारून मिसळलेलाच हवा, कारण बरेच फझ खालचा खर्ज खाऊन टाकतात. नॉइज गेट (आवाज हळू झाला की तो बंद करणारं यंत्र) वापरू नये. साठच्या लयीत चार ठोक्यांच्या पूर्ण आवर्तनाचा स्वर चार सेकंद टिकायला हवा, आणि गेट नेमकी त्याची शेपूट कापतो.

गुणगुण येतेच. आपल्या विजेची कंपनसंख्या ५० हर्ट्झ; तिची गुणगुण ५० आणि १०० वर येते, म्हणजे पांढरी पाचच्या किंचित वर. पांढरी पाच हा सा धरून वाजवलं तर ९८ हर्ट्झचा स्वर आणि १०० ची गुणगुण यांच्यात सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात, आणि वादक ट्यूनिंगला दोष देत बसतो. वडगाव-खासबागेत शेजारी यंत्रमाग चालू असेल, किंवा खोलीतल्या पंख्याला जुना रेग्युलेटर असेल, तर वर करकरही मिसळते. सगळी यंत्रं एकाच अर्थिंग असलेल्या बोर्डावर घ्यायची, हंबकर (गुणगुण मारणारे) पिकअप वापरायचे. अर्थचा पाय कापून गुणगुण घालवायची युक्ती कोणी सुचवली तर ती करायची नाही; ओल्या फरशीवर, हातात तारा घेऊन, ते जिवावर बेततं.

सरावाची खोली हाही एक वादकच. भिंतींमधलं अंतर दहा फूट असेल तर ५६ हर्ट्झच्या आसपासचा स्वर तिथे फुगतो. बेसचा पांढरी सहा ५५ चा. म्हणून तो एकच स्वर छातीवर येतो आणि शेजारचे गायब वाटतात. भिंतीला गोधड्या आणि अंड्यांचे ट्रे लावून हे सुटत नाही. त्यांनी वरचे स्वर मरतात, खर्ज तसाच राहतो, खोली आणखीच घुमते. बेसचा कॅब (स्पीकरचा खोका) कोपऱ्यातून काढून भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणावा आणि रिकाम्या कोपऱ्यांत रॉकवूलचे जाड थर उभे करावेत. छप्पर पत्र्याचं असेल तर बेसवर खालपासून एकेक स्वर सावकाश वाजवत जायचं. ज्या स्वराला पत्रा थरथरतो तिथे थांबून, शिडी लावून, कोणता हुक-बोल्ट सैल आहे ते हाताने चाचपायचं. रबरी वॉशर वाळून चिरलेला असतो. तो बदलून बोल्ट आवळला की थरथर जाते, आणि पावसात तिथून होणारी गळतीही थांबते.

गाणं बांधण्याची पद्धत हिशेबातूनच ठरते. रिफ म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणारा गिटारचा तुकडा, बार म्हणजे चार ठोके. चार बारची रिफ साठच्या लयीत सोळा सेकंद घेते. आठ वेळा फिरली की दोन मिनिटं आठ सेकंद. म्हणजे चार-पाच रिफांत दहा मिनिटांचं गाणं सहज होतं आणि सहावीची गरज पडत नाही. नव्या बँडची खोड अशी की बारा रिफ एकापुढे एक जोडायच्या. त्याऐवजी एक रिफ पेटीवर किंवा साध्या गिटारवर पाच मिनिटं न थांबता वाजवून पाहावी. फझशिवाय ती पाच मिनिटं ऐकवली तर ती टिकेल. दुसरी रिफ पहिल्यातूनच काढायची: शेवटचा एक स्वर बदलून, किंवा एक ठोका उशिरा सुरू करून. गाण्याच्या मध्यावर लय नव्वदपर्यंत नेऊन पुन्हा खाली आणली की पहिली चाल आणखी जड वाटते. लय चढवणं सबाथच्या त्या पहिल्या गाण्यातही आहे, पण परत न येता: शेवटाकडे चाल घोडदौडीची होते.

शब्दांना मराठीत तयार साचा आहे, आणि तो वापरला जात नाही याची खंत वाटते. मोठ्या अभंगाचे चार चरण सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे. एका बारमध्ये आठ अर्धे ठोके धरले तर पहिल्या तीन बारमध्ये सहा अक्षरं आणि दोन जागा रिकाम्या, चौथ्यात चार अक्षरं आणि चार जागा रिकाम्या. चार बारच्या रिफवर हा साचा जसाच्या तसा बसतो, आणि चौथ्या बारच्या मोकळ्या अर्ध्यात गिटारला उत्तर द्यायला जागा मिळते. ओळी आ किंवा ए वर संपवाव्यात, म्हणजे स्वर ताणता येतो. त, क, ट वर संपलेला शब्द संथ लयीत तुटतो. जोडाक्षरं ठोक्यावर न ठेवता दोन ठोक्यांच्या मध्ये टाकावीत. गायकाने घोगरं ओरडण्याच्या आधी खर्जाचा रियाज करावा, सकाळी, तंबोऱ्यावर, काळी एकच्या खालच्या सप्तकात. हुबळीच्या गायिका गंगूबाई हनगल यांचा आवाज भारदस्त होता. वजनाचा आवाज कसा असतो, हे त्यांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून कळतं.

शेवटचा ठोका बहुतेक जण उरकतात. तो वाजवल्यावर ड्रमरने झांजेला हात लावू नये, गिटारवाल्याने तारा दाबू नयेत आणि व्हॉल्यूमची कळ फिरवू नये. स्वर आपोआप विरायला पंधरा-वीस सेकंद लागतात, त्यानंतर फक्त अ‍ॅम्पची गुणगुण उरते. रेकॉर्डिंग तिथपर्यंत चालू ठेवायचं.