वृद्धांचा अभ्यास सक्तीचा कसा झाला : अमेरिकेतील नर्स प्रॅक्टिशनर प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

अमेरिकेत प्रौढांच्या प्राथमिक आरोग्यसेवेत नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे स्वतः तपासणी करून उपचार देणारी प्रगत प्रशिक्षित परिचारिका, व्हायचे असेल, तर आज वृद्धांचा अभ्यास टाळता येत नाही. या शतकाच्या सुरुवातीला तो सहज टाळता येत असे. प्रौढांचा अभ्यासक्रम वेगळा होता, वृद्धांचा वेगळा, प्रमाणपत्र परीक्षाही वेगळ्या, आणि वृद्धांच्या वर्गाकडे फार थोडे विद्यार्थी वळत. दवाखान्यात येणारी गर्दी मात्र वृद्धांचीच वाढत होती.

नर्स प्रॅक्टिशनर ही भूमिका मुळात बालरोगांसाठी जन्माला आली. 1965 मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील परिचारिका लॉरेटा फोर्ड आणि बालरोगतज्ज्ञ हेन्री सिल्व्हर यांनी पहिला कार्यक्रम सुरू केला. डॉक्टर पोहोचत नाहीत अशा ठिकाणी मुलांची तपासणी, वाढीची नोंद आणि साध्या आजारांवरचे उपचार परिचारिकेने करावेत, हा त्यामागचा विचार. त्याला विरोध केवळ डॉक्टरांनी केला नाही. परिचर्या शिकवणाऱ्या अनेक प्राध्यापिकांनाही हे डॉक्टरांचे काम परिचारिकेच्या गळ्यात बांधणे वाटले. म्हणून सुरुवातीचे बरेच कार्यक्रम पदवीच्या चौकटीबाहेर, अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांच्या रूपात चालले. त्यांचा कालावधी आणि दर्जा जागोजागी वेगळा होता.

त्याच 1965 मध्ये 65 वर्षांवरील नागरिकांसाठी मेडिकेअर ही सरकारी विमा योजना मंजूर झाली. या प्रशिक्षणाला आजचा आकार येण्यामागे मेडिकेअरच्या पैशाचा वाटा शैक्षणिक चर्चांपेक्षा मोठा आहे, असे आमचे ठाम मत आहे. नर्स प्रॅक्टिशनरच्या कामाचे पैसे 1989 च्या कायद्याने नर्सिंग होमपुरते (अमेरिकेत ही प्रामुख्याने वृद्धांची निवासी शुश्रूषागृहे) आणि 1990 च्या कायद्याने ग्रामीण भागापुरते मिळू लागले. 1997 च्या कायद्याने जागेची अट काढली. 1 जानेवारी 1998 पासून डॉक्टरांच्या दराच्या 85 टक्के रक्कम थेट नर्स प्रॅक्टिशनरच्या नावावर आकारता येऊ लागली. पैशाबरोबर अटी आल्या. 2003 पासून मेडिकेअरकडे प्रथमच नोंदणी करणाऱ्याला राष्ट्रीय प्रमाणपत्राखेरीज पदव्युत्तर पदवी बंधनकारक झाली, आणि अल्पमुदतीच्या प्रमाणपत्रांचा काळ संपला.

वृद्धांचा प्रश्न तरीही उरलाच. 1996 मध्ये जॉन ए. हार्टफोर्ड फाउंडेशनच्या निधीतून न्यूयॉर्क विद्यापीठात वृद्ध परिचर्येची स्वतंत्र संस्था उभी राहिली, अभ्यासक्रमाचे साहित्य तयार झाले. पण स्वेच्छेने हा विषय निवडणारे पुरेसे मिळेनात. अखेर 2008 मध्ये परिचर्या संघटना आणि राज्यांच्या परवाना मंडळांनी मिळून केलेल्या एकमताच्या आराखड्यात प्रौढ आणि वृद्ध या दोन्ही शाखा एकत्र केल्या गेल्या. कौटुंबिक, मानसिक आरोग्य, स्त्री-आरोग्य अशा ज्या शाखांत प्रौढ रुग्ण येतात, तिथेही वृद्धांच्या गरजांचे शिक्षण आवश्यक ठरले. एकत्रित शाखेची अपेक्षित कौशल्ये 2010 मध्ये प्रसिद्ध झाली आणि जुन्या स्वतंत्र परीक्षा टप्प्याटप्प्याने बंद झाल्या. विषय ऐच्छिक ठेवून माणसे मिळत नव्हती, म्हणून तो सर्वांच्या वाट्याला दिला. आम्हाला हा निर्णय योग्य वाटतो. त्याची किंमत अशी, की पूर्वी फक्त वृद्धांवर खर्च होणारे तास आता किशोरवयापासून नव्वदीपर्यंतच्या रुग्णांत वाटले जातात.

प्रवेशासाठी साधारणपणे परिचर्येतील पदवी आणि नोंदणीकृत परिचारिकेचा परवाना लागतो. पूर्णवेळ शिकल्यास पदव्युत्तर अभ्यासक्रम दोन ते तीन वर्षांचा. विकृतिशरीरक्रियाशास्त्र (आजारात शरीराचे कार्य कसे बिघडते याचा अभ्यास), शारीरिक तपासणी आणि औषधशास्त्र हे तिन्ही प्रगत विषय स्वतंत्र अभ्यासक्रम म्हणून पूर्ण करावे लागतात. इतर विषयांत मिसळून शिकवलेले चालत नाहीत. प्रत्यक्ष रुग्णसेवेचे किमान तास दीर्घकाळ 500 होते. 2022 च्या राष्ट्रीय निकषांनी ते 750 केले.

अडचण बहुतेकदा याच तासांत येते. शिकवायला तयार असलेले प्रिसेप्टर, म्हणजे दवाखान्यात विद्यार्थ्याला हाताखाली घेणारे अनुभवी मार्गदर्शक, कमी आहेत, आणि अनेक ऑनलाइन अभ्यासक्रमांत ते शोधण्याचे काम विद्यार्थ्यावरच पडते. मिळेल त्या दवाखान्यात तास भरले, की रक्तदाब, मधुमेह आणि सर्दी-खोकल्याचे चाळिशी-पन्नाशीतले रुग्णच जास्त दिसतात. नर्सिंग होम, घरभेटी, स्मृतिभ्रंशाचे क्लिनिक यांसाठी जागा आधीच, पहिल्या सत्रातच राखून ठेवावी लागते.

तिथे न शिकलेल्या गोष्टी पुढे रुग्णाला भोवतात. 82 वर्षांची, 45 किलो वजनाची बाई घ्या. रक्तातले क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होणारा आणि मूत्रपिंडाने बाहेर टाकला जाणारा पदार्थ) 1.0, म्हणजे अहवालात सर्व ठीक. कॉकक्रॉफ्ट-गॉल्ट सूत्राने हिशेब केला तर क्रिएटिनिन क्लिअरन्स, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याचा वेग, मिनिटाला सुमारे 31 मिलिलिटर निघतो. स्नायू कमी असल्याने क्रिएटिनिन कमी तयार होते आणि मूत्रपिंडाची दुर्बलता झाकली जाते. नेहमीचा डोस तिला जास्त होऊ शकतो. दुसरी चूक औषधांच्या साखळीची. अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाने पाय सुजतात, सुजेवर लघवीचे औषध दिले जाते, रात्री उठताना ती पडते. सूज हा पहिल्या औषधाचा परिणाम आहे हे ओळखले, तर पुढचे काहीच घडत नाही. वृद्धांसाठी अशा धोक्याच्या औषधांची यादी वृद्धरोगतज्ज्ञ मार्क बिअर्स यांनी 1991 मध्ये मांडली. ती आजही अद्ययावत होते आणि ती अभ्यासल्याशिवाय कोणी या क्षेत्रात पाऊल टाकू नये. वृद्धांच्या न्यूमोनियात अनेकदा ताप नसतो आणि अचानक आलेला मानसिक गोंधळ हेच पहिले लक्षण असू शकते, हेही पुस्तकापेक्षा खाटेशेजारीच पक्के होते.

शाखा निवडतानाची चूक सुधारणे महाग पडते. 2008 च्या आराखड्याने प्राथमिक आणि तीव्र उपचार (अचानक बिघडलेल्या, गंभीर रुग्णांची सेवा) या वाटा वेगळ्या केल्या, आणि ही विभागणी इमारतीनुसार नसून रुग्णाच्या गरजेनुसार आहे. प्राथमिक शाखेत शिकून अतिदक्षता विभागात नोकरी धरली, तर परवान्याच्या मर्यादेचा प्रश्न उभा राहतो आणि बहुधा तीव्र उपचारांचे पदव्युत्तर प्रमाणपत्र पुन्हा करावे लागते. शिक्षणानंतर दोन प्रमाणन संस्थांपैकी एकीची परीक्षा द्यायची; प्रमाणपत्राचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. डॉक्टरेटला प्रवेशपातळी करावे असा आग्रह 2004 पासून आहे, पण परीक्षेला बसायला आजही पदव्युत्तर पदवी पुरते.

भारतीय परिचर्या परिषदेचा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर नर्स प्रॅक्टिशनर अभ्यासक्रम क्रिटिकल केअरचा, म्हणजे अतिदक्षतेचा आहे. तो करून अमेरिकेत प्राथमिक शाखेची परीक्षा देता येईल, असे महाराष्ट्रातील परिचारिकांनी गृहीत धरू नये. आधी शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी, एनक्लेक्स ही परिचारिकांची परवाना परीक्षा आणि परवाना, मग तिथल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात प्रवेश असा क्रम असतो. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) ही पदविका असल्याने ती केलेल्यांना पदवी आधी पूर्ण करावी लागते किंवा पदविकाधारकांना घेणारा जोड-अभ्यासक्रम शोधावा लागतो. ऑनलाइन प्रवेश घेण्यापूर्वी, अमेरिकेतील ज्या राज्यात आपण राहतो तिथे प्रत्यक्ष रुग्णसेवेचे तास करण्याची विद्यापीठाला परवानगी आहे का, हे लेखी विचारून घ्यावे.