लाँग्ल्वा पूल

लाँग्ल्वा पूल : दक्षिण फ्रान्समधील आर्ल शहराबाहेर आर्ल-बूक कालव्यावर पूर्वी असलेला उचलता पूल. डच चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग (१८५३–९०) याने १८८८ च्या वसंतात तो पुनःपुन्हा चितारला. अधिकृत नाव रेजिनेल पूल. लाँग्ल्वा हे तेथील पूलरक्षकाचे आडनाव. आज ‘व्हॅन गॉग पूल’ म्हणून प्रवाशांना दाखवला जातो तो मात्र हा नव्हे.

ऱ्होन नदीच्या मुखाशी गाळ साचून जहाजांची अडचण होई, म्हणून आर्लपासून समुद्रापर्यंत कालवा खणण्यात आला. काम १८०२ मध्ये सुरू होऊन रेंगाळत १८३० नंतरच्या दशकात संपले. पूलही साधारण याच सुमाराचा असावा. दोन्ही काठांच्या दगडी बांधकामावर एकेक उभी लाकडी चौकट होती. तिच्या माथ्यावरच्या तुळया तराजूच्या दांडीप्रमाणे झुलत. तुळयांच्या पाण्याकडील टोकांना साखळ्यांनी पुलाचा अर्धा तक्ता टांगलेला असे आणि मागील टोकांकडील भाराने त्याचे वजन तोलले जाई. त्यामुळे थोड्या बळाने दोन्ही तक्ते उचलून गलबतांना वाट देता येई.

या पुलाने चित्रकाराला का ओढले, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार ही जपानी मुद्राचित्रांची (लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांची) छाया होय. हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या पावसातील पुलाच्या चित्राची तैलरंगात नक्कल व्हॅन गॉगने १८८७ मध्येच केली होती आणि आर्लचा प्रदेश त्याला जपानसारखा भासत होता. दुसरे मत मायदेशाच्या आठवणीचे, कारण अशा घडणीचे पूल हॉलंडच्या कालव्यांवर सर्रास आढळत. विषयाच्या निवडीपुरते हे दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. यातील एक चित्र मायदेशी, हेगमधील चित्रविक्रेता टेरस्टीख याच्याकडे जावे, अशी व्हॅन गॉगची इच्छा पत्रांतून दिसते. सपाट, झगझगीत निळ्या-पिवळ्या रंगांपुरता जपानी प्रभाव मान्य करण्यास हरकत नाही. चित्रांची संख्या सामान्यतः चार तैलचित्रे, एक जलरंगचित्र व काही रेखाटने अशी धरतात. कपडे धुणाऱ्या स्त्रियांचे प्रसिद्ध चित्र ऑटर्लो (नेदरलँड्स) येथील क्रोलर-म्युलर संग्रहालयात आहे; इतरांपैकी काही ॲम्स्टरडॅम व कोलोन येथे आहेत.

मूळ पूल १९३० मध्ये काढून तेथे प्रबलित काँक्रीटचा पूल बांधण्यात आला. तोही १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उडवला. कालव्यावरील पुलांपैकी तेवढा फोस येथील उचलता पूल वाचला. १९५९ मध्ये तो सुटा करण्यात आला. लाँग्ल्वाच्या जागी तो बसवण्याचा बेत होता, पण बांधकामाच्या अडचणींमुळे काही किलोमीटर दूर, माँकाल्द येथील जलपाशाशी (नौकांसाठी पाण्याची पातळी कमी-जास्त करणाऱ्या दरवाजांच्या बांधकामाशी) तो उभारावा लागला. म्हणजे प्रवासी पाहतात तो त्याच कालव्यावरचा, त्याच जातीचा जुना पूल आहे; त्याला निव्वळ प्रतिकृती म्हणणे बरोबर नाही. घडण चित्रांशी जुळते, परंतु चित्रांतील रस्ता, घर आणि काठ यांची ओळख या जागी पटवू पाहणे व्यर्थ होय.