चेंबरचं झाकण

सांगलीत पूर नदीच्या बाजूने येतो, असं फक्त बाहेरच्यांना वाटतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, पण आमच्या गल्लीत पाणी आलं ते गटारातून. रस्ता कोरडा ठणठणीत, आणि चेंबरचं झाकण खालून डुगडुगत होतं. घातक विषाणूंच्या प्रयोगशाळांबद्दल वाचताना मला हटकून ते झाकण आठवतं.

इंग्लंडमधल्या पिरब्राइटला लाळ्या-खुरकूत रोगावर काम करणारी संशोधन संस्था आणि लसीचा कारखाना एकाच आवारात होते. २००७ च्या ऑगस्टमध्ये तिथून काही किलोमीटरवरच्या गुरांना लाळ्या झाली. विषाणू तपासला, तर तो १९६७ च्या साथीतला निघाला. गोठ्यांतून केव्हाच नाहीसा झालेला, प्रयोगशाळांतच जपून ठेवलेला वाण.

सगळ्यांना वाटलं, आत कोणाचा तरी हलगर्जीपणा झाला असणार. चौकशीत बोट गेलं ते सांडपाण्याच्या जुन्या नळांकडे. कारखान्यातल्या पाण्यातला विषाणू आधी सायट्रिक आम्लाने मारायचा, मग ते पाणी जमिनीखालून कॉस्टिक सोड्याच्या टाकीत न्यायचं, अशी दुहेरी सोय होती. पण या दोन टप्प्यांच्या मधल्या वाटेत थोडा विषाणू जिवंत राहू शकत होता, आणि नेमके तिथलेच नळ तडकलेले, झाडांच्या मुळ्यांनी पोखरलेले. त्यात जुलैभर धो धो पाऊस. माती भिजली, आणि बहुधा बांधकामाच्या गाड्यांच्या चाकांना लागून चिखल रस्त्यावर गेला. ते बांधकाम होतं त्याच आवाराच्या नूतनीकरणाचं! नळ बदलायला हवेत हे आधीपासून माहीत होतं. पैसे कोणी घालायचे यावर घोडं अडलं होतं.

लाळ्या म्हणजे काय, हे वाळवा-पलूसकडे कोणाला सांगावं लागत नाही. तोंडाला फोड, लाळेची तार, खुरात जखम, दूध निम्म्यावर. माणसाला हा विषाणू सहसा काही करत नाही, तरी त्याच्यासाठी किल्ल्यासारखी इमारत लागते, कारण तो वाऱ्यावर स्वार होतो. १९८१ मध्ये तो फ्रान्सच्या किनाऱ्यावरून समुद्र ओलांडून इंग्लंडच्या वाइट बेटावर पोचला होता. मात्र आम्ल आणि अल्कली दोन्ही त्याला सोसत नाहीत. गोठ्यात धुण्याच्या सोड्याचं पाणी शिंपडायला डॉक्टर सांगतात आणि तिकडे टाकीत कॉस्टिक सोडा असतो, त्यामागचं रसायनशास्त्र एकच.

अशा इमारतीत हवा नेहमी बाहेरून आत ओढली जाते. खिडक्या लावून स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट फॅन सुरू करा आणि दार किंचित उघडा; फटीतून वारा आत घुसतो, तसंच. ओढलेली हवा हेपा फिल्टरमधून गाळून मगच बाहेर सोडतात. ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण हा फिल्टर अडवतो. गंमत म्हणजे, त्याहून बारीक कण आणखी सहज सापडतात, कारण हवेच्या रेणूंचे धक्के खात ते भरकटतात आणि तंतूंवर जाऊन आदळतात.

पण पंख्याचा पट्टा झिजतो, दाराचं रबर कडक होतं, फिल्टर चोंदतो. आपल्याकडे मोटर बिघडली की फिटर पाना घेऊन सरळ आत शिरतो. इथे आधी काम बंद करायचं, नमुने हलवायचे, मग उरलेसुरले जंतू मारायला खोलीत फॉर्मल्डिहाइडची किंवा हायड्रोजन पेरॉक्साइडची वाफ कोंडायची. ती कोपऱ्याकोपऱ्यात पोचली का, हे बघायला निरुपद्रवी पण अतिशय चिवट जिवाणूंच्या बीजाणूंच्या पट्ट्या जागोजागी ठेवतात. नंतर त्या पोषक द्रवात उबवायच्या. एकही बीजाणू रुजला नाही, तरच फिटरला आत सोडायचं. म्हणून तासाभराच्या कामाला कित्येक दिवस जातात, आणि बाहेरच्याला वाटतं, एवढ्याशा कामाला इतका वेळ?

वापरलेला फिल्टर काढण्याची रीत मला फार आवडते. कृत्रिम रेतनाला आलेले डॉक्टर खांद्यापर्यंतचा प्लास्टिकचा मोजा काढताना उलटा करतात. घाण आत, कोरडी बाजू बाहेर. फिल्टरच्या पेटीला तशीच जाड पिशवी आधीच बसवलेली असते. पिशवीवरूनच फिल्टर धरायचा, ओढून पिशवीत घ्यायचा, तोंड पिळून दोन जागी बांधायचं आणि मधोमध कापायचं. उघडा फिल्टर कोणाच्याच हाताला लागत नाही.

सांडपाण्यासाठी हल्ली नळात नळ घालतात. दोन्हींच्या मधल्या पोकळीत ओल जाणवली की घंटा वाजते. आणि हे नळ शक्यतो मातीत पुरत नाहीत; माणूस उतरून हाताने चाचपू शकेल अशा चरात ठेवतात.