.३८/२०० आणि .३८ स्पेशल: फरक केवळ लांबीचा नाही

ब्रिटिश लष्कराच्या एनफील्ड नं. २ रिव्हॉल्वरचे काडतूस ‘.३८ स्पेशल’ होते, असे विधान वारंवार वाचायला मिळते आणि ते दर वेळी चुकीचेच असते. स्पेशल हे अमेरिकी काडतूस सर्वांच्या परिचयाचे आहे. १९३२ मध्ये स्वीकारलेल्या एनफील्डचे काडतूस मात्र .३८/२०० होते, आणि त्यातील २०० हा आकडा गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतो. म्हणजे सुमारे १३ ग्रॅम. (पुढे, शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना मनाई करणाऱ्या हेग कराराच्या विचाराने उघड्या शिशाऐवजी धातूचे आवरण असलेली १७८ ग्रेनची गोळी आली, तिलाही ‘२००’ म्हणणे मला पटत नाही.) दोन्ही काडतुसांचे मूळ स्मिथ अँड वेसन कंपनीत असल्याने नावांचा गोंधळ समजण्याजोगा आहे.

खरी गल्लत पुढे होते. स्पेशलची पुंगळी, म्हणजे काडतुसाचा दारू भरलेला पितळी भाग, २९.३ मिलिमीटर लांब, तर .३८/२०० ची १९.७; एवढे पाहून दुसरे काडतूस हे पहिल्याचेच आखूड रूप आहे, असे लोक ठरवून टाकतात. स्पेशलहून लांब अशा .३५७ मॅग्नम काडतुसाच्या रिव्हॉल्वरमध्ये स्पेशल चालते, कारण त्या दोन पुंगळ्यांची जाडी एकच आहे. तोच न्याय येथे लावला जातो, पण येथे तो लागू होत नाही. .३८/२०० ची पुंगळी बुडाशी सुमारे ९.८ मिलिमीटर जाड असते, स्पेशलची ९.६. त्यामुळे आखूड काडतूस स्पेशलच्या चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या पोकळीत) सहसा शिरतच नाही, आणि स्पेशल .३८/२०० च्या चेंबरमध्ये सैल शिरले तरी पुढच्या अरुंद भागाशी अडते.

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला मिळालेल्या स्मिथ अँड वेसन व्हिक्टरी रिव्हॉल्वरांपैकी अनेकांची चेंबर युद्धानंतर पुढपर्यंत कोरून त्यांत स्पेशल बसवले गेले. लांबीचा प्रश्न त्याने सुटला, पण मागचा भाग मूळचाच रुंद राहिला. बार उडताच पितळ ती मोकळी जागा भरायला पसरते, पुंगळी बुडाजवळ फुगते आणि कधी उभी चिरते. शिवाय स्पेशलची किंचित बारीक गोळी रुंद नळीत नीट धरली जात नाही. अशा शस्त्राची नोंद संग्रहात ‘.३८ स्पेशल’ अशी करणे मला अमान्य आहे, ‘.३८/२००, चेंबर नंतर कोरलेले’ एवढे स्पष्ट लिहिलेच पाहिजे.