गच्चीवर सौर पॅनेल बसवायचंय? आधी वीजबिलावरचं नाव तपासा

घराच्या छतावर सौर पॅनेल बसवायला अनुदान देणारी केंद्र सरकारची पीएम सूर्यघर मोफत वीज योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. अनुदान पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्यासाठी १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये. प्रकल्प तीन किलोवॉटपेक्षा मोठा केला तरी रक्कम वाढत नाही.

पात्रता सोपी आहे: पॅनेल बसवता येईल असं छत असलेलं स्वतःचं घर, चालू घरगुती वीजजोडणी आणि सौर पॅनेलसाठी आधी कुठलंही अनुदान घेतलेलं नसणं. खरी अडचण नावाची होते. घर मुलाच्या नावावर, मीटर अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर, असं अनेक घरांत असतं. अनुदान वीजग्राहकाच्या बँक खात्यात जमा होतं, त्यामुळे महावितरणकडे नावबदल करून घ्या आणि मगच अर्जाला हात घाला. ताजं वीजबिल, आधार, घरपट्टीची पावती, बँक पासबुक किंवा रद्द केलेला धनादेश आणि छताचा फोटो जवळ असू द्या.

नोंदणी योजनेच्या राष्ट्रीय पोर्टलवर, बिलावरच्या ग्राहक क्रमांकाने होते. दहा किलोवॉटपर्यंतच्या प्रकल्पाला मंजुरीआधी तांत्रिक तपासणीची अट आता नाही. पुढे पोर्टलवरच्या यादीतलाच विक्रेता निवडा. बाहेरच्याकडून काम करून घेतलं तर अनुदान नाही. पॅनेलमधले सौरघटसुद्धा भारतातच बनलेले लागतात, म्हणून ते कोटेशनमध्ये लिहून घ्या.

किती किलोवॉट घ्यायचं, हे विक्रेत्याला ठरवू देऊ नका. वर्षभराची बिलं समोर ठेवा. ऊन सिलिकॉनच्या घटांवर पडलं की एकदिश प्रवाह तयार होतो आणि इन्व्हर्टर त्याचं घरात चालणाऱ्या विजेत रूपांतर करतो. आपल्याकडे एक किलोवॉटमागे दिवसाला साधारण चार युनिट मिळतात, पावसाळ्यात कमी. जागा किलोवॉटमागे शंभर चौरस फूट लागते, आणि तिच्यावर पाण्याच्या टाकीची सावली नको. घरात वापरून उरलेली वीज नेट मीटरमधून ग्रिडला जाते आणि बिलात वजा होते. एक गोष्ट मात्र फार कमी विक्रेते सांगतात: बॅटरी नसेल तर लाइट गेल्यावर हा प्रकल्पही बंद पडतो. तारेवर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवासाठी ती व्यवस्था आहे.

नेट मीटर बसून तपासणी झाली की पोर्टलवर बँक तपशील भरा. अनुदान साधारण महिनाभरात जमा होतं. पाच वर्षांची देखभाल विक्रेत्याच्या अंगावर असते. करारात ते कलम वाचूनच सही करा.