मारिकाना गोळीबार

मारिकाना गोळीबार : दक्षिण आफ्रिकेच्या नॉर्थ वेस्ट प्रांतात रस्टेनबर्गजवळ मारिकाना येथे, लॉनमिन कंपनीच्या प्लॅटिनम खाणींतील संपकऱ्यांवर १६ ऑगस्ट २०१२ रोजी पोलिसांनी केलेला गोळीबार. त्यात ३४ कामगार ठार आणि ७८ जखमी झाले. काही ठिकाणी मृतांचा आकडा ४४ असा आढळतो. त्यात त्या आठवड्यातील आधीचे १० मृत्यू धरलेले असतात. १९९४ नंतरच्या, म्हणजे वर्णभेदी राजवट संपल्यानंतरच्या, दक्षिण आफ्रिकेत पोलिसांच्या एकाच कारवाईत इतके लोक मारले गेल्याचे दुसरे उदाहरण नाही.

संपाला १० ऑगस्टला तोंड फुटले. भूमिगत खडकात सुरुंगासाठी भोके पाडणारे ड्रिलचालक दरमहा १२,५०० रँड (दक्षिण आफ्रिकेचे चलन) वेतन मागत होते. संप मान्यताप्राप्त संघटनेबाहेरचा असल्याने कंपनीने थेट बोलणी नाकारली. ११ तारखेला संपकरी नॅशनल युनियन ऑफ माइनवर्कर्स या मान्यताप्राप्त संघटनेच्या कार्यालयावर चालून गेले, तेव्हा संघटनेच्याच लोकांनी गोळ्या झाडल्या. दोघे जखमी झाले, पण ते मेल्याची बातमी पसरली. त्यानंतर संपकरी भाले-कोयते घेऊन वंडरकॉप वस्तीजवळच्या टेकडीवर जमू लागले. १२ ते १४ ऑगस्टदरम्यान मेलेल्या १० जणांत दोन सुरक्षारक्षक आणि दोन पोलीसही होते.

पोलिसांची मूळ योजना पहाटे, टेकडीवर माणसे थोडी असताना, धारदार पात्यांच्या तारेने वेढा घालून शस्त्रे काढून घेण्याची होती. मात्र १५ तारखेच्या रात्री वरिष्ठांनी दुसऱ्याच दिवशी कारवाई करण्याचे ठरवले. दिवसा हजारोंचा जमाव असताना वेढा शक्य नव्हता, म्हणून ऐनवेळी ‘पांगवा आणि निःशस्त्र करा’ अशी नवी आखणी झाली. त्याच सकाळी चार शववाहिका आणि रायफलींच्या ४,००० जादा गोळ्या मागवल्या होत्या. रक्तपात होऊ शकतो हे गृहीत धरले होते, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

गोळीबार दोन ठिकाणी झाला. खरा वाद पहिल्या ठिकाणाबद्दल आहे. दुपारी पावणेचारच्या सुमारास चिलखती ‘न्याला’ गाड्या तार उलगडू लागल्या, तसे पुढारी आणि त्यांच्यामागचा गट न्कानेंग या झोपडवस्तीच्या दिशेने उतरला. वाटेत गुरांचा गोठा होता. तार, गाड्या आणि गोठा यांमध्ये उरलेल्या अरुंद वाटेच्या तोंडाशी टॅक्टिकल रिस्पॉन्स टीम या पोलिसांच्या सशस्त्र पथकाची रांग उभी होती. मागून व बाजूने अश्रुधूर, स्टन ग्रेनेड (मोठ्या आवाजाने भांबावून टाकणारे) आणि रबरी गोळ्यांचा मारा झाल्यावर हा गट त्या रांगेकडे धावत आला. पोलिसांच्या मते तो हल्ला होता. कामगारांच्या वकिलांच्या मते माणसे वस्तीकडे पळत होती, त्यांच्या वाटा तारेने बंद झाल्या होत्या. घटनेच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्यायमूर्ती इयन फार्लम यांच्या आयोगाने, आपल्यावर हल्ला होत आहे असे रांगेतील पोलिसांना वाटण्यास वाजवी कारण होते हे मान्य केले. पण स्वसंरक्षणाची मर्यादा काहींनी ओलांडली असावी, असेही म्हटले. जागेची मांडणी पाहता वकिलांच्या बाजूला अधिक वजन द्यावे लागते. साधारण ८ ते १२ सेकंदांच्या या गोळीबारात १७ जण दगावले.

दुसरे १७ मृत्यू सुमारे पाव तासाने, काही शे मीटरवरच्या खडकाळ लहान टेकडीवर झाले. येथे दूरचित्रवाणीचे कॅमेरे नव्हते. घटनेची तड लावण्यात पत्रकार ग्रेग मारिनोविच यांचा मोठा वाटा आहे. मृतदेहांच्या जागा दाखवणारी, पंचनाम्यावेळी खडकांवर पिवळ्या रंगात काढलेली अक्षरे त्यांनी तपासली. अनेक पथके वेगवेगळ्या दिशांनी चालून आली. सहकाऱ्यांच्या गोळ्या संपकऱ्यांच्याच समजून प्रत्युत्तर दिले गेले असण्याची शक्यता आहे. मृतांशेजारी शस्त्रे नंतर ठेवल्याचे छायाचित्रांच्या तुलनेतून दिसून आले. पहिल्या गोळीबारानंतर कारवाई थांबवायला हवी होती, असा आयोगाचा निष्कर्ष आहे.

कोणत्या पोलिसाच्या गोळीने कोण मेले, हे ठरवणे पोलिसांनी वापरलेल्या आर-५ रायफलीमुळे अवघड झाले. तिची ५.५६ मिमी गोळी अतिवेगाने शिरते आणि शरीरात फुटून तुकडे होते. नळीच्या खुणा जुळवून विशिष्ट रायफलीपर्यंत पोचण्याजोगा तुकडा बहुधा हाती लागत नाही. शिवाय ती स्वयंचलितही चालते, तसा मारा केल्यास जमावात नेमका नेम धरणे कठीण होते. जमाव नियंत्रणात असे हत्यार नसावे, यावर तज्ज्ञांचे एकमत होते.

सुरुवातीला सरकारी वकिलांनी समान हेतूच्या तत्त्वावर (एकाच हेतूने एकत्र आलेले सर्वजण परिणामाला जबाबदार) अटकेतील २७० कामगारांवरच साथीदारांच्या खुनाचा आरोप ठेवला. तो काही दिवसांतच तात्पुरता मागे घेतला गेला. संप सप्टेंबरमध्ये ११ ते २२ टक्के वाढीवर मिटला. आयोगाचा अहवाल जून २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. संपाच्या वेळी लॉनमिनचे संचालक असलेले आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले सिरिल रामाफोसा यांच्यावर त्यात ठपका नाही. पोलीसप्रमुख रिया फियेगा यांच्या पात्रतेची चौकशी मात्र सुचवली होती आणि त्या निलंबित झाल्या. लॉनमिन २०१९ मध्ये सिबान्ये-स्टिलवॉटरने विकत घेतली.