जुन्या गाडीनं सीमा ओलांडायची, तर आधी ‘कार्ने’ काढा

स्वतःची गाडी चालवत देशोदेशी फिरायचं म्हटलं की माणसाच्या पासपोर्टवर भागत नाही. भारत, पाकिस्तान, इराण, इजिप्त यांसारख्या देशांत परदेशी गाडी तात्पुरती आणायला कस्टमचं वेगळं पुस्तक लागतं: ‘कार्ने द पासाज’, थोडक्यात कार्ने. गाडी इथे विकणार नाही, परत नेऊ, नाही नेली तर ड्युटी भरली जाईल, अशी ती हमी. युरोपीय संघात फिरताना त्याची गरज पडत नाही.

कार्ने सरकारी खिडकीवर मिळत नाही. गाडी जिथे नोंदलेली आहे, तिथला अधिकृत ऑटोमोबाइल क्लब ते देतो. गाडी कितीही जुनी असली तरी चालते. ज्या देशात जायचं, तिथले रहिवासी मात्र आपण नसावं. गाडी दुसऱ्याच्या नावावर असेल तर मालकाचं संमतीपत्र जोडावं.

अर्जासोबत पासपोर्ट, नोंदणीपत्र, गाडीच्या किमतीचा पुरावा आणि जायच्या देशांची यादी द्यायची. शिवाय हमी: रोख अनामत, बँक गॅरंटी किंवा विमा, क्लब जे मान्य करेल ते. हमीची रक्कम गाडीची किंमत आणि यादीतले देश पाहून ठरते. म्हणून ‘जमलं तर जाऊ’ असे देश यादीत उगाच घालू नयेत. आपल्या लाडक्या गाडीची किंमत फुगवून सांगायचा मोहही इथे अंगाशी येतो.

जुन्या गाडीची खरी परीक्षा तपशिलाच्या पानावर. तिथे चॅसिस नंबर, इंजिन नंबर, सिलिंडर किती, रंग, आसनं किती, इतकंच काय, सीटचं कापडही लिहायचं असतं. तीस-चाळीस वर्षांत इंजिन बदललेलं असतं आणि नोंदणीपत्रावर जुनाच नंबर बसलेला असतो. अर्जाआधी इंजिनवरचं ग्रीस पुसा, गंज तारेच्या ब्रशनं हलकेच काढा, नंबरावर कागद धरून पेन्सिल घासा. उमटलेला आकडा नोंदणीपत्राशी जुळला नाही, तर आधी नोंदणी दुरुस्त करून घ्या. सीमेवरचा अधिकारी बॉनेट उघडून एकेक अंक वाचतो, तेव्हा समजावण्यात अर्थ नसतो. नवा रंग द्यायचा असेल तर तोही अर्जाआधीच.

पुस्तकाची मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. प्रत्येक पानाचे तीन भाग असतात. एक तुकडा प्रवेशाच्या वेळी कस्टम फाडून घेतं, दुसरा बाहेर पडताना. तिसरा दोन्ही शिक्क्यांसह आपल्याकडे राहतो. बाहेर पडतानाचा शिक्का घेतल्याशिवाय नाक्यावरून हलू नका, मागे कितीही हॉर्न वाजोत.

वाटेत गाडी बसली आणि सुटा भाग बाहेरून मागवला, तर तो याच गाडीच्या दुरुस्तीसाठी आहे असं कस्टमला दाखवावं लागतं. काढलेला जुना भागही फेकू नका. त्याचाही हिशेब विचारला जातो.

आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना आणि त्या-त्या देशाचा विमा वेगळा काढायचा. ३० वर्षांपुढच्या गाड्यांना मिळणारं फिवाचं (जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाचं) ओळखपत्र कार्नेची जागा घेत नाही, ही गल्लत बरेच जण करतात.

परतल्यावर पुस्तक क्लबला दिल्यावरच हमी सुटते. एखादा शिक्का राहिलाच, तर गाडी आपल्या देशाच्या कस्टमला दाखवून ती इथे असल्याचा दाखला कार्नेतल्याच ठरावीक पानावर भरून घ्यायचा.